घरचं गिऱ्हाईक

तोंडावर मी नवऱ्याला अजूनही ‘अहो’च म्हणते. अडतीस वर्षांची सवय आहे, जीभ सोडत नाही. पण लिहिताना मात्र मी ‘तो’ असंच लिहिणार. ज्यांना हे खटकेल त्यांनी खुशाल इथेच थांबावं, माझं काही अडत नाही.

डोंबिवलीजवळ कोपरला आमचं तळमजल्यावर वन रूम किचन आहे. त्याच्या मागच्या गॅलरीत मी एकवीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं. मुलगी सातवीत होती, नवऱ्याच्या वागळे इस्टेटमधल्या कंपनीने ओव्हरटाइम बंद केला आणि क्लासच्या फीचे वांधे झाले. वरच्या मजल्यावर दोघी नोकरदार बायका राहायच्या. त्यांना पोळ्या द्यायला लागले. दोन डब्यांचे वीस झाले, विसाचे साठ. कणीक मळायला आणि भाजी चिरायला एक बाई ठेवली, पण लाटणं माझंच. रोजच्या अडीचशे-तीनशे पोळ्या. सणासुदीला तर हिशोबच नाही.

घरखर्चाची विभागणी अशी होती की लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि मुलीची फी त्याच्या पगारातून. गहू, तेल, भाजी, गॅस हे सगळं केंद्राच्या पैशातून, कारण स्वयंपाक एकाच गॅसवर व्हायचा. म्हणजे तो माझ्या केंद्रातूनच जेवत होता, दोन्ही वेळा, फुकट. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. नवऱ्याला जेवायला घालण्याचे पैसे कोण मोजतं?

पण एक गोष्ट मला पहिल्यापासून कळत होती. पोळ्या लाटणारीला पेन्शन नसतं. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, रिटायर होताना शाल-नारळसुद्धा नाही. त्याच्या कंपनीचं जे पेन्शन मिळणार होतं त्यात एका माणसाची औषधं आली असती, बस. म्हणून मी स्वतःशी एक नियम केला. रोजच्या डब्यांचे पैसे घराचे, आणि सणाच्या ऑर्डरींचे पैसे माझ्या म्हातारपणाचे. होळीच्या पुरणपोळ्या, गणपतीतले मोदक, दिवाळीच्या चकल्या. लोक नवीन कपडे घालून एकमेकांकडे फिरायचे तेव्हा मी घामाने निथळत पुरण वाटत असायची, आणि मनात म्हणायची, वाट गं बाई, हे तुझंच आहे.

आठ वर्षांत दोन लाख चाळीस हजार जमले. बँकेत मुदत ठेव करायला गेले. फॉर्म भरताना क्लार्कने विचारलं, “पहिलं नाव कोणाचं?” मी म्हटलं, “यांचं.” कोणी सांगितलं नव्हतं हो, माझं मीच! हळदीकुंकवाला उखाणा घ्यायला मी सगळ्यात पुढे, पण स्वतःच्या कमाईच्या पावतीवर नवऱ्याच्या आधी आपलं नाव घालायचं म्हणजे कसंतरीच वाटलं. जसं काही मी पंगतीत त्याच्या आधी जेवायला बसणार होते. पहिलं नाव त्याचं, दुसरं माझं, आणि मुदत संपली की दोघांच्या सहीने पैसे पहिल्या नावाच्या खात्यात. क्लार्कने शिक्का मारला, मी पावती देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आणि अगदी समाधानाने घरी येऊन भेंडी चिरायला बसले. अशी मी शहाणी.

मुदत संपली ती नेमकी गणपतीच्या आदल्या आठवड्यात. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत तांदळाच्या उकडीत होते. तो पावती घेऊन आला आणि म्हणाला, “मागे सही कर, रिन्यू करून आणतो.” मी एक हात धुतला आणि सही केली. संध्याकाळी विचारलं, “झालं का?” तो म्हणाला, “झालं.” नवीन पावती कुठेय हे मी विचारलं नाही, कारण एकशे ऐंशी मोदक व्हायचे होते.

पुढच्या वर्षी वैशाखात माझ्या मोठ्या दिरांच्या घराची वास्तुशांत होती. ते कोपरीला, ठाणे पूर्वेला राहतात. त्यांची जुनी बिल्डिंग पाडून नवी झाली होती आणि त्यांनी बिल्डरला वरून पैसे भरून जास्तीची जागा घेतली होती. आम्ही गेलो. हॉल बघून माझे डोळे दिपले. आमचं अख्खं घर त्या हॉलमध्ये मावलं असतं आणि वर बूट काढायला जागा उरली असती. जाऊबाईंनी माझा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “अगं, तुझ्यामुळे झाला हो हा हॉल. कोण देतं आजच्या काळात अडीच लाख!”

मी हसले. खरंच हसले, कारण काय करावं ते सुचेना. मग पंगतीत बसून जिलबी खाल्ली. प्रत्येक घासाला पायाखालच्या फरशीकडे बघत होते आणि मोजत होते, ही फरशी किती पुरणपोळ्यांची असेल.

घरी येऊन विचारलं. तो चप्पल काढत होता, त्याने मान वर केली नाही. “दादाने मागितले. अडला होता. मोठ्या भावाला नाही कसं म्हणणार? देईल की परत. आपलाच माणूस आहे.” माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी त्याच्यावर जेवढी चिडायला हवी होती तेवढी मी चिडले नाही, हे आज मला समजतं. मी सगळा राग दिरांवर काढला. म्हटलं, भावाच्या बायकोच्या पोळ्यांवर हॉल बांधणारा हा माणूस! याला एक दिवस मी असं काही दाखवीन की तो हॉल त्याला खायला उठेल.

दोन वर्षं वाट बघितली. एक रुपया परत आला नाही, विषयसुद्धा निघाला नाही. त्यात मुलीचं लग्न झालं, मग पहिलं बाळंतपण माझ्याकडे, रीतीप्रमाणे. त्या दोन वर्षांत सणाच्या ऑर्डरींचे पैसे आले तसे गेले. माझा उजवा अंगठा तेव्हाच दुखायला लागला होता. डॉक्टरांनी हात फिरवून बघितला आणि म्हणाले, “लाटणं कमी करा. नाहीतर साठीला चमचा धरता येणार नाही.” म्हटलं, डॉक्टर, लाटणं थांबवलं तर चमच्यात घेणार काय?

माझ्याकडे त्या दिवशी सगळे मिळून पंचावन्न हजार होते. वय एक्कावन्न. साठीला पोस्टात ज्येष्ठांच्या योजनेत घसघशीत रक्कम टाकायची, दर तिमाहीला व्याज घ्यायचं आणि लाटणं खाली ठेवायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. आता मला नऊ वर्षं होती आणि एक दुखरा अंगठा होता.

सासूबाई गेल्यापासून पितृपक्षातलं श्राद्ध आमच्याकडे व्हायचं. विधी दीर करायचे, कारण ते थोरले. रांधायची मी, कारण, जाऊबाईंच्या शब्दांत, “हिच्याकडे काय, सगळं तयारच असतं.” तयार! जसं काही आमच्या घरात वडे झाडाला लागतात. त्या वर्षी बावीस माणसं आली. वडे, खीर, अळूचं फदफदं, गवारीची भाजी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, कढी. गच्चीवर पान ठेवलं, कावळा लगेच शिवला. जाऊबाई म्हणाल्या, “आई तृप्त झाल्या हो.” सगळे पोटभर जेवले, सुपारी कातरत बसले. मग मी आत गेले आणि केंद्राचं बिलबुक घेऊन आले.

बिल आधीच फाडून ठेवलं होतं. दिरांच्या हातात दिलं. बावीस पानं, दर दोनशे, एकूण चार हजार चारशे. खाली मी टीप लिहिली होती: कावळ्याचं पान धरलेलं नाही.

“हे काय?” दीर म्हणाले.

“बिल आहे, भाऊजी. आजचं.”

जाऊबाई किंचाळल्याच. “अगं, पितरांच्या जेवणाचं बिल? लाज आहे का काही?”

“पितरांचं सोडलंय, वहिनी. वाचा खाली. जिवंत माणसांचं लावलंय.” आणि मग दिरांकडे वळून म्हटलं, “माझे दोन लाख चाळीस हजार वेगळे. ते आज नका देऊ, एवढी रोख खिशात नसेल. पण तारीख सांगा.”

 मला वाटलं होतं ते ओरडतील, आणि ओरडले तर मी काय बोलायचं ते मी आठवडाभर पाठ केलं होतं. पण ते ओरडले नाहीत. ते माझ्या नवऱ्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “अरे, तू हिला काय सांगितलंयस?”

नवरा सुपारीची खांडं गोळा करत होता. एकेक, चिमटीने.

“मी तुझ्याकडे मागितले होते का?” दीर म्हणाले. “तू स्वतःहून घेऊन आलास. मी विचारलं, बायकोला विचारलंस का? तू काय म्हणालास? सांग की. ‘तिला कशाला हवेत म्हातारपणाला पैसे, तिच्या हातात कला आहे, मरेपर्यंत पोळ्या लाटेल.’ म्हणाला नव्हतास? वर म्हणालास, दादा, परत द्यायचे नाहीत, नव्या घराला धाकट्या भावाचा आहेर समज.”

मी नवऱ्याकडे बघितलं. एकदा नाही म्हण, खोटं तरी बोल, असं मला वाटत होतं. त्याने गोळा केलेली खांडं वाटीत टाकली. बस.

दिरांनी साडेचार हजार पाटावर ठेवले. त्यांच्या तोंडावरून दिसत होतं, की पुन्हा ते या घराची पायरी चढणार नाहीत. चढलेही नाहीत. मी ते उचलून मोजले आणि शंभर रुपये परत दिले.  लोक मला म्हणतात, भावाभावांत तू फूट पाडलीस. हो, पाडली. आहेर परत मागायचा नसतो, एवढं मलाही कळतं. दिरांकडचे पैसे गेले, त्यांचा विषय माझ्यापुरता संपला. पण जो माझे हात मरेपर्यंतचे गृहीत धरून बसला होता, तो माझ्याच घरात, माझ्याच ताटावर बसून जेवत होता ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा डबा भरलेला नव्हता. डब्याच्या जागी कार्ड होतं. आमच्या केंद्रात महिन्याच्या गिऱ्हाइकांना आम्ही पिवळ्या पुठ्ठ्याचं कार्ड देतो, त्यावर तीस चौकोन असतात, जेवण दिलं की एकावर फुली. नावाच्या जागी मी आधी ‘घरचे’ असं लिहिलं होतं. ते खोडून त्याचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. महिन्याचे सत्तावीसशे, आगाऊ.

“वेड लागलंय तुला,” असं म्हणून तो गेला. तीन दिवस स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला. चौथ्या दिवशी पित्ताने उलट्या झाल्या. पाचव्या दिवशी पोळपाटाशेजारी सत्तावीसशे रुपये ठेवलेले होते. मी कार्डावर पहिली फुली मारली. त्या फुलीने माझ्या जिवाला जो गारवा मिळाला, तो आजवर कुठल्या देवदर्शनानेही मिळाला नव्हता.

आता खरं सांगायचं तर गिऱ्हाईक झाल्यावर त्याचे लाडच झाले. आधी उरलेल्या पोळ्या त्याच्या पानात पडायच्या. पण मी गिऱ्हाइकाला शिळं कधी दिलेलं नाही आणि त्यालाही दिलं नाही. गरम पोळी, मोजून तीन. चौथी मागितली तर वेगळा चार्ज. पाहुणा आणला तर पाहुण्याचं वेगळं. रविवारी श्रीखंड हवं असेल तर वाटीचे पैसे. ते सगळे पैसे मी पोस्टातल्या आवर्ती ठेवीत भरायची, एकटीच्या नावावर. पासबुकावर खातेदाराच्या जागी माझं एकटीचं नाव मी दोनदा वाचलं होतं.

मुलगी आली की कानी-कपाळी ओरडायची. “आई, बाबांकडून जेवणाचे पैसे घेतेस? माझ्या सासरी कळलं तर?” मी म्हटलं, “कळू दे. सासूबाईंनाही एक कार्ड देऊ का छापून?” ती रागावून बदलापूरला गेली आणि आठ दिवस फोन केला नाही. वाईट वाटलं मला. पण मी फुल्या थांबवल्या नाहीत.

लॉकडाउनमध्ये ऑफिसं बंद झाली तसे साठ डबे एका आठवड्यात शून्यावर आले. मळणाऱ्या बाईला घरी बसवावं लागलं, तरी अर्धा पगार मी तिला देत होते, कुठून ते माझं मला ठाऊक. तेव्हा माझ्या केंद्राला एकच गिऱ्हाईक उरलं, आणि ते दिवसभर घरातच बसलेलं. त्याचाही पगार अर्ध्यावर आला होता. महिनाअखेरीस तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. “या महिन्याचे नंतर दिले तर?” मी नुसतं गॅलरीतल्या पाटीकडे बघितलं. तिथे मी स्वतः रंगवून लिहिलं होतं, उधार मिळणार नाही. तो दहा मिनिटांनी आला, हातात पैसे होते. कुठून आणले मी विचारलं नाही. तोही कधी मला विचारत नव्हता ना, माझे पैसे कुठून येतात ते.

हे वाचून कोणाला वाटेल, काय कैदाशीण बाई आहे! असेन. पण रात्री अंगठ्याला तेल चोळत बसायची तेव्हा त्याचं ते वाक्य मला शब्दन् शब्द ऐकू यायचं. मरेपर्यंत लाटेल. प्रत्येक कळेबरोबर मी म्हणायची, बघतेच. बघतेच मी, मरेपर्यंत कोण लाटतं ते.

सात वर्षांनी मुद्दल फिटलं. दोन लाख चाळीस हजार, त्याच्या ताटातून. पुढची दोन वर्षं मी व्याजात धरली. त्यात माझे सणाचे पैसे, भिशीचा उचललेला नंबर आणि विकलेल्या दोन पाटल्या धरून माझ्या साठीला सात लाख झाले. यंदा वाढदिवसानंतर तिसऱ्या दिवशी मी पोस्टात गेले. खिडकीतल्या मुलीने विचारलं, “आजी, मिस्टरांचं नाव घालायचं का जॉइंटला?” मी म्हटलं, “नको. आणि वारस म्हणून मुलीचं लिही.” तिमाहीला चौदा हजारांच्या वर येणार होते. मी तिथल्याच बाकावर दहा मिनिटं बसले. रडले थोडी. मग स्टेशनसमोर उसाचा रस प्यायले, एकटीने, मोठा ग्लास.

घरी आले आणि गॅलरीतली पाटी उतरवली. गिऱ्हाइकांना महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं, त्या दिवशी शेवटचे डबे गेले होते. बाईला मी बाजूच्या इमारतीतलं दुसरं केंद्र बघून दिलं होतं. मोठं पोळपाट धुऊन, पुसून, उभं करून ठेवलं.

तो आता रिटायर आहे. दुपारी पेपर घेऊन बसलेला असतो. त्याने सगळं बघितलं, उतरवलेली पाटीसुद्धा. पेपरची घडी घातली. मग म्हणाला, “झालं म्हणजे सगळं?”

“झालं. तुमचंही फिटलं. आज सकाळी शेवटची फुली मारली.”

“म्हणजे आता,” तो म्हणाला आणि थांबला.

मी भाजी फोडणीला टाकत होते. गॅस बंद केला. पंखासुद्धा बंद केला, न जाणो, हळू बोलला आणि ऐकू आलं नाही तर. नऊ वर्षांत त्याने माझा एकेक रुपया दिला होता. एक महिना चुकवला नव्हता. पण ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते, आणि त्याला तर मी कधी पैसे लावले नव्हते. आज बोलला असता तर मी तिथल्या तिथे पान वाढलं असतं, हवी तेवढी पोळी, मरेपर्यंत. मी हातातला झारा धरून उभी राहिले. तो माझ्याकडे बघत होता. त्यालाही कळलं होतं मी कशासाठी थांबलेय. अडतीस वर्षं एका घरात काढल्यावर एवढं कळतंच.

त्याने खिशातून पाकीट काढलं आणि पुढच्या महिन्याचे पैसे ओट्यावर ठेवले.

मी मोजून घेतले.